सत्तरीनंतरचं पाच लाखांचं कवच

आमच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांची ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डं काढून देण्याचं काम मी आवडीने करते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘आम्हाला पेन्शन आहे, मग मिळेल का?’ मिळेल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी ही सरकारी आरोग्य योजना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरून धरतात, म्हणून आधी आधारवरची जन्मतारीख तपासा.

वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, तेही हप्ता न भरता. पण ही रक्कम कुटुंबाची असते. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर पाच लाख दोघांत मिळून. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. खाजगी विमा असला तरी चालतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर मात्र एकच निवडावी लागते.

शेजारच्या काकूंची बोटं भांडी घासून इतकी झिजलीत की कार्ड काढताना ठसा उमटेना; मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं.

खर्च कुठे उरतो? दवाखान्यातली नुसती तपासणी, रोजच्या गोळ्या, चष्मा हे खिशातूनच. भरती झाल्यावर मात्र औषधं, चाचण्या, जेवण आणि घरी गेल्यावरची पंधरा दिवसांची औषधं पॅकेजमध्येच येतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे १४५५५ वर विचारा. कार्ड आजार येण्याआधीच काढा. धावपळीत कागद सापडत नाहीत.