काठीच्या मुठीवरचं नाक

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याकडे मुलं सापशिडी मांडून बसतात, तसाच एक खेळ १९३८ च्या सुमारास जर्मनीत विकायला आला होता. नाव 'यूडन राउस', म्हणजे 'ज्यूंना हाकला'. पटावर तटबंदीचं गाव. फासा टाकायचा, सोंगटी ज्यूंच्या दुकानापर्यंत न्यायची, तिथली शंकूसारखी टोपी आपल्या सोंगटीवर चढवायची आणि वेशीबाहेर नेऊन ठेवायची. प्रत्येक टोपीवर एक वेडाविद्रा चेहरा रंगवलेला. असे सहा ज्यू जो आधी बाहेर काढील तो जिंकला! लंडनच्या वीनर होलोकॉस्ट लायब्ररीत हा पट जपून ठेवलेला आहे. विशेष म्हणजे, हिटलरच्या एस.एस. संघटनेच्या मुखपत्रानेच या खेळावर टीका केली. खेळ क्रूर आहे म्हणून नव्हे. आपल्या 'गंभीर' कार्याचा पोरखेळ होतो म्हणून!

ज्यूद्वेष म्हटला की आपल्याला हिटलरची भाषणं आठवतात. पण हा द्वेष त्याच्या कितीतरी आधी युरोपातल्या घराघरांत वस्तीला आला होता, आणि तोही हसतखेळत. हातातल्या काठीची मूठ, चिनीमातीची बाहुली, चिलीम, राखदाणी, सगळीकडे तेच बाकदार नाक आणि हातात पैशाची पिशवी. फ्रँकफर्टमधल्या 'क्योल्नर होफ' नावाच्या हॉटेलाने १९ व्या शतकाच्या अखेरीस 'शहरातलं एकमेव ज्यूमुक्त हॉटेल' अशी जाहिरात करणारी पोस्टकार्डं छापली होती. पाहुणे ती खुशाल टपालात टाकत.

भाषण ऐकलेला माणूस निदान वाद तरी घालू शकतो. काठीच्या मुठीशी वाद कसा घालायचा? आजोबांची काठी नातू रोज पाहतो. एकाही ज्यू माणसाशी ओळख होण्याआधी त्या नाकाशी त्याची ओळख झालेली असते. पुढे कधी कोणी सांगितलं की ही माणसं लोभी आहेत, तर ते त्याला नवं वाटत नाही, आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं.

माझा जन्म बँकेच्या नोकरीत गेला, त्यामुळे माझी नजर नाकापेक्षा त्या पिशवीवर अधिक जाते. ती ज्यूंच्या हातात आली कशी? मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी त्यांना जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. ११७९ च्या लॅटरन परिषदेत चर्चने उघड व्याजबट्टा करणाऱ्या ख्रिश्चनांना बहिष्कृत ठरवलं. कर्जाची गरज तर राजापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना. मग उरलेलं ते काम काही ज्यूंच्या वाट्याला आलं. राजे त्यांच्याकडून भरमसाट कर उकळत आणि गरज संपली की हाकलून देत. इंग्लंडने १२९० साली तेच केलं. इटलीतले ख्रिश्चन लोम्बार्ड सावकारही याच धंद्यात होते. त्यांच्या नावाचा रस्ता लंडनमध्ये आजही आहे. त्यांचं नाक मात्र काठीवर कोरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

धान्य महागलं तेव्हा १६९४ साली जर्मनीत एक पदक निघालं. त्यावर पाठीवर धान्याचं पोतं घेतलेला माणूस, पोत्यावर बसून धान्य सांडणारा सैतान, आणि वर अक्षरं: 'तू धान्य-ज्यू'. धान्याच्या साठेबाजीशी बहुसंख्य ज्यूंचा संबंध नव्हता. पण दुष्काळात माणसाला कारणाऐवजी चेहरा हवा असतो.

ही सवय अजून गेलेली नाही. पोलंडमध्ये आज अनेक घरांत नाणी मोजणाऱ्या ज्यूचं चित्र बरकतीसाठी लावलेलं असतं. काहीजण ते शनिवारी उलटं टांगतात. त्याने साठवलेला पैसा आपल्या घरात पडावा म्हणून! महायुद्धापूर्वी तिथे तीस लाखांहून अधिक ज्यू होते. त्यांतले दहापैकी नऊ मारले गेले.

शनिवारवरून आपल्या कोकणातले बेने इस्रायल आठवतात. तेलाचा घाणा चालवणारी आणि शनिवारी तो बंद ठेवणारी ही माणसं. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावं लावून ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखलं ते कामावरून आणि सुट्टीवरून. प्रत्यक्ष शेजारी असला की चित्राची गरज पडत नाही, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

या वस्तूंचं आता करायचं काय? आर्थर लांगरमान हे १९४२ साली अँटवर्पमध्ये जन्मलेले बेल्जियन ज्यू. त्यांच्या आईवडिलांना १९४४ साली ऑश्विट्झला नेण्यात आलं. आइखमनवरचा १९६१ चा खटला पाहून त्यांनी अशी चित्रं नि वस्तू विकत घ्यायला सुरुवात केली. हजारोंचा तो संग्रह २०१९ पासून बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अभ्यासासाठी ठेवलेला आहे. त्यांनी एकही वस्तू जाळली नाही. जाळली असती तर उद्या कोणीही म्हणालं असतं, असं काही नव्हतंच. दिवाणखान्यात ती काठी शोभेची वस्तू होती. विद्यापीठाच्या कपाटात, तारीख नि माहितीची चिठ्ठी लागल्यावर, ती पुरावा झाली आहे.