स्प्रेडशीट आणि चक्रवाढ व्याज

अर्थशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी पुष्कळदां गणिताच्या सूत्रांपाशींच अडखळतो. सूत्र त्याला पाठ येतें, परंतु त्यांतून पैसा कसा वाढतो हें डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. अशा वेळीं संगणकावरील स्प्रेडशीट फार उपयोगी पडते. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचें ‘व्हिसीकॅल्क’ हें या जातीचें कोष्टक घरगुती संगणकासाठीं विक्रीस आलें. एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सर्व आंकडे आपोआप बदलावे, हा त्याचा मुख्य गुण होय.

एक उदाहरण घेऊं. एखाद्या कुटुंबानें दरमहा शेंकडा २ या चक्रवाढ दरानें १,००० रुपये कर्ज काढलें व मध्यंतरीं कांहींच फेडलें नाहीं. ‘शेंकडा दोनच’ असें ऐकतांना दर अल्प वाटतो. आतां पहिल्या रकान्यांत महिन्याचा अनुक्रम, दुसऱ्यांत आरंभींची बाकी व तिसऱ्यांत तिचें व्याज मांडा. व्याजाचा दर मात्र एका स्वतंत्र घरांत लिहून सूत्रांत त्या घराचाच उल्लेख करा. मागील बाकींत तिचें व्याज मिळविलें म्हणजे पुढील बाकी येते; हें एकच सूत्र खालीं ओढलें कीं ३६ ओळी क्षणांत भरतात. पहिल्या महिन्याचें व्याज २० रुपये, तर छत्तिसाव्याचें सुमारें ४० रुपये! तीन वर्षांअखेर देणें २,०३९ रुपये ८९ पैसे होतें. सरळ व्याजानें तें १,७२० रुपयेच झालें असतें. दराच्या घरांत २ ऐवजीं ३ लिहा. देणें २,८९८ रुपये २८ पैशांवर जाईल. दर दीडपट झाला, परंतु व्याज पावणेदोनपटींहूनही अधिक वाढलें. चक्रवाढीचें मर्म तें हेंच.

तथापि यंत्र सांगितलें तेवढेंच करतें. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे हिशेब आधीं कागदावर करावे: १,०२०, १,०४०.४०, १,०६१.२१. कोष्टकांत हेच आंकडे आले तरच पुढें जावें. २०१० सालीं कारमेन राइनहार्ट व केनेथ रॉगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रांच्या कर्जाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या कोष्टकांत सरासरीच्या सूत्रांतून पांच देश सुटले होते. २०१३ सालीं ही चूक उजेडांत आणली ती थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें!

पालकांनींही कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं मुलांकडून असें कोष्टक मांडवून घ्यावें. शाळेंतील गणित घराच्या उपयोगीं पडतें, तें असें.