टाइल्सवरचा रंग टिकतो कुठे, सुटतो कुठे

तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत बाथरूमच्या टाइल्स फुटलेल्या नसतात, नुसत्या नकोशा झालेल्या असतात. फिकट गुलाबी, पिस्ता, मधेच एखादी फुलांची. फोडायच्या म्हटलं तर धूळ, डेब्रिस, सोसायटीची परवानगी आणि खालच्या मजल्यावरची कुरकूर. मग कुणीतरी सुचवतं, ‘रंग मारून टाका ना!’ रंग मारता येतो. पण त्याबद्दल दोन्ही टोकांचे समज पसरलेले आहेत.

एक टोक म्हणतं, टाइलवर रंग टिकतच नाही. दुसरं म्हणतं, दारांना लावतो तोच ऑइल पेंट चालतो. टाइलचा चकचकीत थर म्हणजे हजार अंशांच्या आसपास भाजलेला काचेसारखा लेप. प्लास्टर रंग थोडा शोषून घेतं, हा थर अजिबात नाही. त्यामुळे त्यावर थेट मारलेल्या ऑइल पेंटचे पोपडे लवकरच निघू लागतात. मात्र अशा गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारे प्रायमर आणि दोन डब्यांत (एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर) येणारे इपॉक्सी रंग मिळतात, आणि ते नीट बसतात.

तेही सुटले, तर दोष बहुधा रंगाचा नसतो, खालच्या चिकटपणाचा असतो. ओट्यामागे फोडणीचं तेल, बाथरूममध्ये खोबरेल तेलाच्या हातांचे ठसे, साबणाचा पापुद्रा, बोअरच्या पाण्याचे क्षार. ओलं फडकं फिरवून यातलं काही जात नाही. तेलाला गरम पाणी आणि डिटर्जंट, क्षारांना व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल, आणि शेवटी भरपूर साधं पाणी. (आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.) मग भिंतीवर पाणी मारून बघा. ते सलग पसरलं तर टाइल स्वच्छ झाली. थेंब होऊन गोळा झालं तर तेल अजून तिथेच आहे.

‘घासलं की टाइलची वाट लागते’ म्हणून पॉलिश पेपर टाळणारे पुष्कळ भेटतात. अहो, चकाकी घालवायचीच तर असते! दोनशे वीस नंबरचा वॉटर पेपर पाणी लावूनच फिरवा. कोरडं घासल्यावर उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, आणि जुन्या लेपात शिसं असण्याचीही शक्यता असते. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन मात्र पूर्ण खरवडून काढावं लागतं, त्यावर रंग बसतच नाही. नवं सिलिकॉन रंगानंतर.

इपॉक्सीबद्दलचा सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकतं.’ हार्डनर ही काही घाई करणारी पूड नव्हे. रेझिनशी त्याची ठरलेल्या प्रमाणात रासायनिक जोडणी होते आणि त्यातूनच कडक थर तयार होतो. जास्त घातलेला हार्डनर जोडीदाराविना उरतो, थर मऊ किंवा चिकट राहतो. तेव्हा ‘अंदाजाने ओततो’ म्हणणाऱ्या पेंटरच्या हातात मोजमापाचं भांडं द्या. मिसळलेला रंग थोड्याच वेळात घट्ट होतो, म्हणून एका वेळी पुरेल तेवढाच कालवा. भर पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेतल्या दमटपणामुळे काही इपॉक्सींवर मेणचट साय धरते आणि दुसरा हात त्यावर पकडत नाही.

हाताला सुकलेला लागला म्हणजे रंग तयार झाला असंही नाही. पूर्ण कडक व्हायला अनेक रंगांना आठवडाभर लागतो, नेमका काळ डब्यावर असतो. एकच बाथरूम असलेल्या घरात खरी अडचण इथे येते. तेवढे दिवस आंघोळीची सोय कुठे करायची, हे रंगाची छटा निवडण्याआधी ठरवा.

आणि गळती? ‘रंगाने सगळं सील होतं’ हे सरळ चूक. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला काचेचा लेप फक्त पुढून असतो. मागची माती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. खालच्या घराच्या छताला दिसणारी ओल बहुधा नहाणी ट्रॅप, उघडे पडलेले जॉइंट किंवा भिंतीतला पाइप इथून आलेली असते. वरून रंग मारल्याने तिचा उगम बंद होत नाही. उलट मागून आलेली ओल रंगाला फुगवते. आधी नाण्याने टाइल्स ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर ती टाइल भिंतीपासून सुटली आहे. तिथे प्लंबर आणि गवंडी आधी, पेंटर नंतर.

रंगाने जॉइंटच्या रेषाही लपत नाहीत. बाथरूमची जमीन तर मी रंगवणारच नाही. सतत पाणी, बादलीचं घासणं, ब्रश, ॲसिड क्लीनर, वर घसरण्याचा धोका. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून बाल्कनीतही नको. ओट्यामागची भिंत आणि बेसिनच्या वरचा भाग ही रंगाची खरी जागा, अर्थात गॅसच्या आचेपासून जरा दूर.

तिथेही आधी कोपऱ्यातल्या एकाच टाइलवर नमुना करा. पूर्ण कडक झाल्यावर ब्लेडने त्यावर बारीक चौकडी कापा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला, तर पुढची भिंत रंगवायला घेऊ नका. पुन्हा डिटर्जंटपासून सुरुवात.