पाटलांना हरवता येतं!

उमेदवारांच्या आमनेसामने वादात निवडणूक जिंकली जाते, ही समजूत अमेरिकेतल्या १९६० च्या केनेडी-निक्सन वादापासून रूढ झाली. दक्षिण मुंबईने १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत वेगळंच दाखवलं. एकीकडे काँग्रेसचे स. का. पाटील, मुंबईचे अनभिषिक्त राजे. दुसरीकडे नगरसेवक आणि कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस. जॉर्जच्या प्रचाराचा गाभा एवढाच: पाटलांना तुम्ही हरवू शकता. माझ्या मते लोकांत नाराजी होतीच, खात्री नव्हती. ती या वाक्याने दिली.

कुणी म्हणेल, तेव्हा काँग्रेसविरोधी लाटच होती. उत्तरेत होती, खरं. पण महाराष्ट्रात त्याच वेळी काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा जिंकल्या. कामगार संघटनांचं बळ मात्र मान्य. तरी सगळेच मतदार काही युनियनचे सभासद नव्हते. पाटील हरले आणि जॉर्ज ‘जायंट किलर’ म्हणून देशभर गाजले.