जुनी डिझेल पिकअप आणि वाढीव अश्वशक्ती

अमेरिकेतील शेतकरी, घरे बांधणारे सुतार आणि घोडे बाळगणारे लोक ज्या गाडीवर आपला चरितार्थ चालवितात, तिला तेथे पिकअप म्हणतात. पुढे चालकाची बंदिस्त खोली, मागे उघडा हौदा आणि पुष्कळदा त्यामागे ओढीत नेलेला ट्रेलर, असे तिचे रूप असते. यांपैकी जुन्या डिझेल गाड्यांना तेथे मोठी मागणी आहे. आणि अशी गाडी दारात येऊन आठवडा होतो न होतो तोच मालकाच्या मनात प्रश्न उभा राहतो की, हिची शक्ती आणखी वाढविता येईल काय? टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने हाच प्रश्न मला विचारला, आणि त्याचे उत्तर शोधताना बरेच काही हाती लागले.

उदाहरणादाखल १९८९ साली विक्रीस आलेली डॉजची कमिन्स इंजिनाची पिकअप घेऊ. सहा सिलिंडर, ५.९ लिटर आणि टर्बो. अश्वशक्ती अवघी १६०, परंतु चाके फिरविण्याचा जोर ४०० फूट-पौंड, आणि तोही इंजिन सावकाश फिरत असतानाच मिळणारा. ओझे ओढणाऱ्याला हवा असतो तो हाच गुण. या इंजिनाचे कूळ आपल्यालाही परके नाही. याच मालिकेतील इंजिने जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात तयार होऊन टाटांच्या मालमोटारींत बसली. पुण्यात तर किर्लोस्कर-कमिन्स १९६२ सालीच स्थापन झाली होती. आणि किर्लोस्करांच्या उद्योगाचे मूळ बेळगावातील एका सायकलींच्या दुकानात आहे, हे सीमाभागातील श्रोत्यांना मी सांगावयास नको.

आता शक्ती वाढते कशी, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात आत येणाऱ्या हवेवर झडपेचा लगाम असतो. डिझेलच्या इंजिनात तसा लगाम नाही. हवा मोकळेपणी आत येते, दट्ट्या तिला सुमारे सतरा पट दाबतो, त्या दाबाने ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचूनच पेटते. तेव्हा शक्ती ठरते ती इंधनाच्या मापावर. १९९४ ते १९९८ या काळातील गाड्यांत हे माप बॉशच्या पी-७१०० नावाच्या पंपात एका लहानशा पोलादी पट्टीने बांधलेले असते. पट्टी सरकविली की माप वाढते. संगणक नाही, विजेची तार नाही. पाना आणि एक दुपार पुरे. इतक्या स्वस्तात इतकी शक्ती क्वचितच दुसऱ्या कोणत्या यंत्रात मिळत असेल, आणि मोहाचे मूळ नेमके येथे आहे.

कारण इंधन वाढविले तरी हवा त्या मानाने वाढत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर टाळावयाचा तर याहून बरीच अधिक. हवा अपुरी पडली की न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. तरुण मंडळी या धुराला पराक्रमाची पताका समजतात; मला तर तो पैसे देऊन विकत घेतलेल्या तेलाचा धूर दिसतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उष्णता. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळते. ज्वाला क्षणिक असते व खालून तेल दट्ट्याला थंड करीत राहते, म्हणून तो तगतो. टर्बोच्या अलीकडे, धुराच्या वाटेत बसविलेला तापमापक दीर्घ चढावर सुमारे ६८० अंशांच्या पुढे टिकून राहू लागला, तर पाय वर घ्यावा, असे जाणकार मिस्त्री सांगतात. कोलोराडोतील आयझेनहॉवर बोगद्याचा चढ ३,४०० मीटरांच्या आसपास जातो. तेथे हवाच सुमारे तीन-दशांशाने विरळ. सपाट रस्त्यावर निरुपद्रवी वाटलेली पट्टी तेथे इंजिन खाऊन टाकू शकते. म्हणून माझ्या मते पहिला खर्च पट्टीवर नव्हे, तापमापकावर व टर्बोच्या दाबमापकावर करावा.

इंजिनामागे गिअरबॉक्स आहे, याचाही विसर पडतो. १९९६ ते १९९८ या वर्षांत खुद्द कारखान्याने हातगिअरच्या गाडीला २१५ अश्वशक्ती दिली, परंतु स्वयंचलित गिअरच्या गाडीला १८०च. इंजिन तेच, गिअरबॉक्स किती झेपवील याचा तो कारखान्याचाच निवाडा होता. तो डावलून पट्टी सरकविणाऱ्याचे टॉर्क कन्व्हर्टर व आतील क्लचच्या चकत्या घसरू लागतात, आणि दुरुस्तीचे बिल शक्तीच्या किमतीच्या कितीतरी पट येते. ब्रेक तर जसेच्या तसेच असतात. हवेवर लगाम नसल्याने डिझेल इंजिन उतारावर गाडीला फारसे धरून ठेवीत नाही. घोड्यांचा ट्रेलर घेऊन घाट उतरणाऱ्याला वाढीव अश्वशक्तीपेक्षा धुराची वाट आवळून इंजिनाला अडविणारा ब्रेक अधिक उपयोगी पडेल.

गाडी जुनी असल्याने आणखी एक पेच असतो. आधीच्या मालकाने काय काय केले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. पंपावरील कारखान्याचा मोडून काढावा लागणारा स्क्रू जागेवर आहे काय, हे आधी पाहावे. नसल्यास कोणाचा तरी हात आत गेला आहे, असे समजावे. तेलाचे झाकण उघडून चालू इंजिनातून येणारा वाफारा पाहावा. तो जोराचा असेल तर दट्ट्यांच्या रिंगा झिजल्या आहेत. आणि या इंजिनाचे एक कुप्रसिद्ध व्यंग आहे: टायमिंग गिअरच्या पेटीतील एक लहानशी पोलादी खुंटी कंपनाने सैल होऊन दात्यांत पडते आणि पेटी फोडते. शेजारच्या बोल्टखाली एक पत्र्याची जीभ बसविली की ती अडते. ही दुरुस्ती कोणत्याही शक्तिवर्धनाच्या आधी करावी. १९९८च्या मध्यापासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा दुसरा पंप आला. त्याला इंधन पोचविणारा लहान पंप अशक्त झाला तर मोठा पंप कोरडा पडून मरतो. तेथे दाब मोजल्यावाचून पुढे जाऊच नये.

२००७ नंतरच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली, आणि ती काढून टाकण्याचा धंदाही आला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यास हे संमत नाही. तेथील पर्यावरण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून अशी साधने काढली गेली. ती काजळी मालकाच्या नव्हे, मागून चालणाऱ्याच्या छातीत जाते. कारखानेही यातून सुटले नाहीत: रॅम गाड्यांच्या इंजिनांबाबत कमिन्सने २०२३च्या अखेरीस १६७.५ कोटी डॉलरांचा दंड मान्य केला.

आपल्याकडे ज्यांनी जुनी पिकअप घेतली आहे त्यांनी १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम वाचावे. उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी दुसऱ्या इंधनावर चालविण्याची मुभा मात्र त्याच कलमात आहे.