दोन टोकांमधली फट किती?

मागच्या लेखांकात सोन्याची तार ताणत ताणत आपण एका अणूच्या जोडापर्यंत आलो. त्या जोडाचा रोध भरतो सुमारे १२.९ किलोओहम. हा आकडा तारेच्या जाडीतून येत नाही, तर इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक या दोघांतून येतो. सोन्याचा एक अणू इलेक्ट्रॉनांना एकच वाट देतो, पण ती जवळजवळ पूर्ण मोकळी असते.

आता तार आणखी ताणू. जोड तुटतो, मध्ये फट पडते. ती किती रुंद असेल?

लायडनच्या म्युलर, फान राउटेनबेक आणि डी याँग यांनी १९९२मध्ये ज्या पद्धतीनं असे जोड अभ्यासले, तीत खाच पाडलेली तार लवचीक पट्टीवर दोन ठिकाणी चिकटवतात आणि पट्टी खालून ढकलून वाकवतात. व्होल्टेज दिलं की किंचित लांब होऊन पट्टी ढकलणाऱ्या पायझो स्फटिकाच्या हालचालीचा फार थोडा अंश फटीपर्यंत पोचतो. यंत्राची विलक्षण स्थिरता त्यातूनच येते. पण नेमका किती अंश पोचतो, हे चिकटवलेल्या दोन ठिकाणांमधल्या अंतरावर ठरतं, आणि गोंद स्वतःही थोडा ताणला जातो. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचं गुणोत्तर वेगळं. कागदावरच्या भूमितीवर इथे विसंबता येत नाही.

मग माप घ्यायचं ते प्रवाहाकडूनच. फट पडली तरी इलेक्ट्रॉन टनेलिंगनं, म्हणजे अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही, पलीकडे जातात, आणि सोन्याच्या बाबतीत फट एका आंग्स्ट्रॉमनं, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागानं, रुंदावली की प्रवाह साधारण दहापट घटतो. पायझोला किती व्होल्ट दिल्यावर प्रवाह दहापट घटला हे पाहिलं की झालं! इतकी सुंदर युक्ती प्रायोगिक भौतिकीत क्वचितच सापडते.

मात्र हे ‘दहापट’ आपण गृहीत धरलेलं असतं. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते, असं मानून ते काढलेलं आहे. ही ऊर्जा वीस टक्क्यांनी चुकली, तर अंतर दहा टक्क्यांनी चुकतं.

यावर १९९९मध्ये कोलेस्निचेंको, श्क्ल्यारेव्स्की आणि फान केम्पेन यांनी गुंडलाख यांनी १९६६मध्ये वर्तवलेल्या परिणामाचा आधार घेतला. दोन टोकांमधलं व्होल्टेज पुरेसं वाढवलं की फटीतच इलेक्ट्रॉनांच्या स्थिर लहरी तयार होतात आणि वाहकता लाटांसारखी वरखाली होते. त्या लाटा कोणत्या व्होल्टेजला येतात, यावरून अंतर आणि ती ऊर्जा दोन्ही निघतात. ती ऊर्जा आधी गृहीत धरावी लागत नाही.

याच शोधात त्यांना दिसलं, की थंड धातूवर हेलियमचे अणू बसले तर ती ऊर्जाच खूप बदलते. जो वायू सर्वांत निष्क्रिय, थंडाव्यासाठी बेधडक वापरायचा, तोच माप बिघडवत होता. माझ्या मते गुंडलाखच्या लाटांची खरी किंमत इथे कळते: केवळ टनेलिंगवर भिस्त ठेवली असती, तर हा बदल अंतराच्या आकड्यातच मिसळून गेला असता.

पुढच्या आठवड्यात सोन्याच्या अणूंची एकेरी साखळी पाहू.