अरण्याच्या काठावरील पायवाटा

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात हेग्गडदेवनकोटे, म्हणजेच एच. डी. कोटे, हा तालुका वसलेला आहे. वायनाडमधून येणारी कबिनी नदी या तालुक्यातून वाहत जाऊन पुढे कावेरीस मिळते. बीचनहळ्ळी येथे तिच्यावर बांधलेले धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाच्या उत्तरेस नागरहोळे आणि दक्षिणेस बंडीपूर ही अरण्ये पसरलेली आहेत. हत्ती, वाघ, बिबळ्या, गवा, अस्वल आणि कोळसुंदा हे सारे प्राणी येथे नांदतात.

या संरक्षित वनांत पायी हिंडण्यास सामान्य प्रवाशांना मनाई आहे. वन खात्याने ठरविलेल्या वाहनातूनच तेथे जावे लागते. तथापि वन्य जीवन अरण्याच्या सीमेपाशी संपत नाही. गावाचे रस्ते, तळ्यांचे बांध आणि नाचणी-कापसाची शेते यांमधून जाणकार स्थानिक सोबत्यासह सावकाश चालणाऱ्यास ते पावलोपावली भेटते.

अशा फेरीत सर्वप्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे मूळचे कोणते आणि बाहेरून आलेले कोणते, हे ओळखणे. हिरवे दिसते ते सर्वच येथील नव्हे. साग, ऐन, शिसव आणि बांबू ही येथील जुनी वनस्पती. त्यांच्या शेजारी सरळ वाढलेली निलगिरी मात्र ऑस्ट्रेलियाची. तिचा पाला तेथील कोआलाचे मुख्य अन्न आहे; येथील हरणांना तो उपयोगी पडत नाही. लाल-पिवळ्या फुलांची घाणेरी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. आज तिने अरण्यात मोठी जागा व्यापली आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही आणि गवत नसेल तेथे चितळ व गवा यांना चारा मिळत नाही. हरणे व गवे घटले म्हणजे त्यांवर जगणाऱ्या वाघालाही त्याची झळ पोहोचते.

दुसरी गोष्ट खुणा वाचण्याची. प्राणी क्वचित दिसतो. त्याच्या खुणा मात्र पुष्कळ असतात. वाघाच्या ठशात चार बोटे आणि तळवा उमटतो, पण नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कोळसुंद्याच्या ठशात नखांच्या खुणा स्पष्ट असतात. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा गोल असतो, मागच्या पायाचा लांबट. पुढच्या ठशाच्या घेराची दुप्पट केली असता हत्तीच्या खांद्यापर्यंतची उंची बरीचशी अचूक कळते. वारूळ उकरलेले दिसले तर तेथे अस्वल येऊन गेले असण्याचा संभव असतो. चितळाचा तीक्ष्ण इशारा आणि वानराचा खोकल्यासारखा आवाज एकाच दिशेने येऊ लागले, तर जवळपास वाघ किंवा बिबळ्या असावा असे समजून पुढे न जाणेच श्रेयस्कर.

उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते. सभोवारची वने सुकलेली असताना हत्तींचे कळप दूरदूरहून या गवतासाठी उतरतात. याच परिसरात, काकनकोटे येथे, १९७१-७२ पर्यंत खेड्डा होत असे, म्हणजे रानटी हत्तींना हाकून कोंडीत पकडले जाई. ती भूमी पुढे बव्हंशी जलाशयाखाली गेली.

चालत जाऊन निरीक्षण करणे हा केवळ छंद नव्हे, तर शास्त्राचीही ती एक पद्धती आहे. सलीम अली यांनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. उल्हास कारंत यांनी १९८६ पासून नागरहोळेत अभ्यास आरंभला. ठरावीक सरळ वाटेवरून पहाटे निःशब्दपणे चालावयाचे, दिसलेल्या प्राण्यांची संख्या आणि त्यांचे अंतर नोंदवावयाचे, अशी ही रीत आहे. अशा अनेक फेऱ्यांच्या नोंदींवरून, न दिसलेल्या प्राण्यांचाही हिशेब धरून, त्यांच्या दाटीचा अंदाज बांधता येतो.

मात्र या पायवाटा ज्यांना सर्वांत अधिक परिचित होत्या, ते जेनू कुरुबा व काडू कुरुबा यांतील अनेक कुटुंबांना अरण्याबाहेर यावे लागले. ‘जेनू’ म्हणजे मध आणि ‘काडू’ म्हणजे रान. काहींची वस्ती धरणामुळे गेली, काहींची संरक्षित क्षेत्राच्या नियमांमुळे. त्यांच्यापैकी कित्येक आज वनरक्षणाच्या कामावर किंवा माहूत म्हणून राबतात. फेरीस निघालेल्या पाहुण्यास झाडाचे नाव, मोहोळाची जागा आणि हत्तीची ताजी वाट दाखविणारा बहुधा त्यांच्यातीलच कोणी असतो.

काठावरील ही वाट निर्धोक नाही, हे पाहुण्याने विसरू नये. पहाटे व संध्याकाळी हत्तींच्या वाटांवर जाऊ नये, भडक कपडे घालू नयेत, वारा कोणीकडून वाहतो ते पाहावे आणि प्राणी दिसताच जवळ जाण्याऐवजी मागे सरावे. खंदक आणि विजेची कुंपणे असूनही हत्ती पिकांत उतरतात. पिकलेल्या नाचणीच्या शेतात उमटलेला गोल ठसा पाहून पाहुण्यास आनंद होतो; परंतु त्याच ठशाखाली त्या शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य तुडविले गेलेले असते. ज्याला ठसा आणि नुकसान ही दोन्ही दिसली, त्यालाच हे अरण्य खऱ्या अर्थाने दिसले असे म्हणता येईल.